गाडी बाहेरून खडखडते? आधी आवाज पकडा, मग पाना उचला

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने आवाज यायला लागला. नागपूरच्या वर्धा रोडवर काही नाही, पण मनीषनगरच्या आतल्या सिमेंट रोडवर शिरलो की प्रत्येक सांध्याला टक्. एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने गाडी दोनदा दाबून पाहिली आणि सांगितलं, "भाऊ, लिंक रॉड गेले." दोन्ही बाजूंचे लिंक रॉड (सस्पेन्शनचे छोटे दांडे) बदलले, पैसे मोजले, आणि घरी येताना त्याच रस्त्यावर तीच टक्.

रविवारी सकाळी मुलीला मागच्या सीटवर डाव्या काचेशी बसवलं आणि गाडी हळू चालवली. दोन फेऱ्यांत ती म्हणाली, "बाबा, दारातून नाही येऊन राहिला आवाज, चाकाच्या वरून येऊन राहिला." गाडी लावली, चाकाच्या कमानीत हात घातला, तर प्लास्टिकच्या लायनिंगची वरची क्लिपच नव्हती. नुसतं भोक होतं. लायनिंग आपटून आपटून मागच्या पत्र्यावरचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात निघाला होता आणि मधे लोखंड चकचकत होतं. एका प्लास्टिकच्या क्लिपने आवाज बंद झाला. त्या पत्र्याला मी रंग लावला नसता तर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरला असता.

म्हणून माझा आग्रह आहे की या कामाचा तीन चतुर्थांश वेळ आवाज शोधण्यात घालवा. दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. आणि दुरुस्ती करताना एक गोष्ट धरून ठेवा: बाहेरचं प्लास्टिक घट्ट बसायला हवं, पण जखडून टाकायचं नाही. नागपुरात तर मुळीच नाही.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब

खडखड सुरू झाली की आपण खड्ड्यांना दोष देतो. खड्डे कारण आहेतच, पण आपल्याकडे उन्हाचा वाटा फार मोठा आहे. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही झाली हवा. उन्हात उभ्या गाडीचा काळा बंपर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, त्यावर हात ठेववत नाही.

पोलादाची एक मीटर लांब पट्टी ४० अंशांनी तापली तर जेमतेम अर्धा मिलीमीटर वाढते. बंपर आणि लायनिंगला वापरतात ते प्लास्टिक तेवढ्याच उष्णतेत तीन-चार मिलीमीटर वाढतं. म्हणजे एकाच क्लिपने जोडलेले दोन भाग रोज दुपारी एकमेकांवरून सरकतात आणि रात्री परत येतात. म्हणूनच कंपनीने बंपरची आणि लायनिंगची कित्येक भोकं गोल न ठेवता लांबट ठेवलेली असतात. त्या सरकण्याला जागा हवी. ज्याने तिथे पत्र्यात सरळ स्क्रू पिळला, त्याच्या गाडीचं प्लास्टिक पुढच्या मे महिन्यात फुगतं, मग भोकाला चीर जाते आणि आवाज दुपटीने येतो. क्लिपाही उन्हाने कडक होतात. जुनी क्लिप काढताना तिचे पाय कटकन तुटतात, ते याच कारणाने.

आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांना नेमके शब्द आहेत, त्यांचा इथे खरोखर उपयोग होतो. मोबाइलवर किंवा कागदावर लिहून ठेवा: कोणता आवाज, किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर, गाडी गार असताना की तापल्यावर.

फडफड असेल आणि ती ७०-८० च्या वेगाला सुरू होऊन वेगाबरोबर वाढत असेल, तर वाऱ्याने काहीतरी हलतंय. लायनिंग, इंजिनाखालचं कव्हर, दारावरचा व्हायझर, छतावरची पट्टी यांपैकी एक. समृद्धी महामार्गावर १२० ने जाताना पहिल्यांदा ऐकू येणारे आवाज बहुतेक याच जातीचे असतात.

झणझण असेल, पातळ पत्र्यासारखी, आणि गाडी सिग्नलला उभी असतानाही येत असेल, तर सायलेन्सरवरचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच, पाहा. थोडा रेस दिला की झणझण थांबते आणि सोडला की पुन्हा येते, ही तिची खूण.

टकटक, खडखड असेल, लहान खड्ड्यावर आणि सांध्यांवर, तर क्लिप, नंबर प्लेट, डिक्कीचं झाकण, बंपरची बाजू.

ठकठक असेल, जड, पायाखाली जाणवणारी, आणि स्टीअरिंगलाही कळत असेल, तर तो बाहेरच्या भागाचा आवाज नाही. सस्पेन्शन तपासून घ्या.

ब्रेकवर नुसता पाय टेकवला की खडखड थांबते? मग ब्रेकचे पॅड किंवा त्यांच्या क्लिपा सैल आहेत. ते घरी करू नका.

सांध्यांचा रस्ता हीच तपासणीची जागा

आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर आहेत आणि त्यांचे सांधे या कामाला फार उपयोगी पडतात. सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ४० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ अडीच सांधे येतात, सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. वेग २० वर आणा. आता पुढचं चाक सांध्यावरून गेल्यावर मागचं चाक तिथे पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. ढप, मग ढप. तुमची टक पहिल्या ढपला चिकटून येते की दुसऱ्या, एवढं ऐका. गाडीचा अर्धा भाग तपासातून बाद झाला.

डावी की उजवी हे कळायला लांब कंपाउंड भिंतीजवळून काच उघडून जा. सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी सहा-साडेसहाला असे रस्ते मोकळे मिळतात. भिंतीवर आपटून त्या बाजूचा आवाज परत कानात येतो. मग उलट दिशेने जा म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल. फरक स्पष्ट कळतो.

ऐकायला दुसरा माणूस घ्या, आणि तुम्ही चालवा. एकट्याने मागे वळून ऐकू नका.

पण या सगळ्याच्या आधी डिक्की रिकामी करा. खरंच रिकामी: जॅक, टॉमी, पाण्याची बाटली, छत्री, पोरांची बॅट. स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने आवळा. दारांच्या कप्प्यातली नाणी काढा. बाहेरचा वाटणारा आवाज पुष्कळदा तिथेच संपतो.

उभ्या गाडीची तपासणी

गाडी गार असताना सुरुवात करा. मुठीने बंपर, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या पट्ट्या, डिक्की, नंबर प्लेट एकेक करून ठोका. जोरात नको, दारावर टकटक करतो तेवढंच. घट्ट भाग 'धप' बोलतो, सैल भाग 'खळ्' करतो. मग प्रत्येक कडेला बोटं घालून ओढून पाहा. चाकाच्या कमानीतलं लायनिंग तुमच्याकडे किती येतं? बोटभर येत असेल तर क्लिप गेली आहे. सायलेन्सरला, तो पूर्ण गार असल्याची खात्री करून, हातमोजा घालून खालून वर दाबा आणि सोडा.

संशयित सापडला की लगेच दुरुस्ती करू नका. त्यावर रंगकामाचा कागदी टेप दोन-तीन पट्ट्यांत ओढून लावा आणि त्याच रस्त्यावर चक्कर मारा. आवाज गेला तर तोच. गेला नाही तर टेप काढा, पुढचा संशयित. एका वेळी एकच जागा बांधा. तीन जागा एकदम बांधल्या तर आवाज जाईल, पण कोणत्या जागेचा होता ते कळणार नाही. हीट शील्डवर मात्र टेप लावायचा नाही, तो जळतो.

हाताशी काय हवं

१० नंबरचा पाना आणि गोटी (सॉकेट), चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, हातमोजे, जुना टूथब्रश, स्टीलचे मोठे वॉशर, स्टीलच्या पाइप क्लिपा, चांगल्या प्रतीचा बाहेरच्या वापराचा फोम टेप, आणि तुमच्या भोकाच्या मापाच्या क्लिपा. वॉशर आणि पाइप क्लिपा इतवारीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गाडीच्या क्लिपा स्पेअर पार्टच्या दुकानातून घ्या, आणि जुनी क्लिप खिशात घेऊन जा. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार अंदाजाने देतो. एकाच बंपरमध्ये दोन-तीन मापांच्या क्लिपा असू शकतात.

गाडीखाली जाण्याआधी

सपाट जमीन, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर 'P' वर. जे चाक जमिनीवर राहणार त्याच्या पुढे-मागे लाकडी ठोकळा किंवा दगड. वीट नको, ती वजनाने फुटते. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. लोखंडी स्टँड नसेल तर ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या. लायनिंगच्या कामाला खाली शिरायची गरजच पडत नाही. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं की कमानीचा मागचा अर्धा भाग मोकळा होतो, दुसरीकडे फिरवलं की पुढचा.

आणि हे काम उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. गार प्लास्टिकवर भोकं आपल्या मूळ जागी असतात. दुपारी तीच भोकं एकमेकांसमोर येत नाहीत आणि माणूस जोर लावून क्लिप तोडतो.

लायनिंग आणि बंपरच्या क्लिपा

क्लिपचे दोन भाग असतात: बाहेरची टोपी-पाय आणि मधली खिळी. चपटा स्क्रू ड्रायव्हर खिळीच्या डोक्याखाली घालून ती आधी तीन-चार मिलीमीटर वर काढा. खिळी वर आली की पाय आवळतात आणि मग सगळी क्लिप सहज निघते. टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून एकदम उचकटली तर पाय आतच तुटून राहतात. काही गाड्यांत खिळीला फुलीची खाच असते, ती पाव फेरा फिरवून वर येते. तिला उचकटू नका.

क्लिप निघत नसेल तर भोवती पाणी टाकून टूथब्रशने माती काढा. खडखडीत वाळलेली काळी माती क्लिपच्या पायात सिमेंटसारखी बसते.

आता लायनिंग थोडं बाजूला ओढून टॉर्चने मागे पाहा. इथे घाई करू नका. मागे वाळलेला चिखल, पानं, एखादा दगड सापडतो, आणि कधी कधी तो दगडच वाजत असतो. पाण्याने धुऊन काढा. पत्र्यावर घासून रंग गेला असेल तर ती जागा कोरडी करून गंजरोधक प्रायमर आणि रंगाचा हात द्या. तिथूनच चाकाच्या सेन्सरची वायर जाते, काही गाड्यांत काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि फॉग लॅम्पच्या वायरीही असतात. या पट्ट्यात ड्रिल किंवा टोकदार स्क्रू लावू नका, हे याच कारणाने सांगतो आहे. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटला की एका क्लिपचं काम हजारांत जातं.

भोक शाबूत असेल तर नवी क्लिप: खिळी वर असताना टोपी भोकात पूर्ण बसवा, मग अंगठ्याने खिळी दाबा. टक् असा एकच स्वच्छ आवाज येतो. खिळी दाबली जात नसेल तर हातोडी घेऊ नका, भोकं समोरासमोर नाहीत. लायनिंग थोडं सरकवा.

लायनिंगचं भोक फाटलं असेल तर त्यापेक्षा मोठा पातळ वॉशर क्लिपच्या टोपीखाली घाला. वॉशरने दाब पसरतो आणि प्लास्टिकला सरकायची मुभाही राहते. कडेला लांब चीर गेली असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना तापवलेल्या खिळ्याने टाय जाईल एवढी छोटी भोकं पाडा आणि काळे केबल टाय टाक्यांसारखे ओवा. टाय पूर्ण आवळू नका, कडा टेकतील एवढंच. माझ्या भावाच्या गाडीला असे चार टाके घातले, दोन पावसाळे झाले, अजून धरून आहेत.

बंपरची बाजू जिथे फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, मिळते तिथे आत प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या दातांत बंपर अडकतो. पार्किंगमध्ये हलकं टेकलं तरी एखादा दात सुटतो आणि तिथे फट दिसते. तळहाताने फेंडरकडे, थोडं वर, दाबा. दात शाबूत असतील तर कटकट करत बसतात. तुटले असतील तर ती पट्टी वेगळी मिळते, पूर्ण बंपर बदलायची गरज नाही. हे दुकानात ठामपणे विचारा.

इंजिनाखालच्या कव्हरलाही हेच नियम. तिथे क्लिपांसोबत १० नंबरचे बोल्टही असतात. सर्व्हिसिंगनंतर आवाज सुरू झाला असेल तर पहिल्यांदा हेच कव्हर पाहा. ऑइल बदलताना ते काढतात आणि एखादा बोल्ट परत लागत नाही.

हीट शील्ड

सायलेन्सरच्या पाइपाभोवतीचं हे पातळ पत्र्याचं कवच वाजायला लागलं की पुष्कळ ठिकाणी ते उपटून टाकतात. कृपा करून तसं करू देऊ नका. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येकशे अंशांवर काम करतो. ती उष्णता गाडीच्या तळाला, वायरींना, इंधनाच्या नळीला लागू नये म्हणून शील्ड आहे. आपल्याकडे फार्महाउसवर, शेताच्या बांधावर वाळल्या गवतात गाडी लावतो, तिथे तर उघडा कन्व्हर्टर आग लावू शकतो.

शील्ड सैल का होतं, ते जवळून पाहिलं की कळतं. बोल्ट जागेवर असतो, पण त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून भोक बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठं झालेलं असतं. पत्रा बोल्टभोवती लोंबकळतो. इंजिन बंद करून किमान दोन तास जाऊ द्या. बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा, मग हळू सोडवा. जोर लावला तर बोल्ट मोडतो. जुन्या भोकापेक्षा बऱ्यापैकी मोठा स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालून बोल्ट परत लावा. आवाज जाईल आणि शील्ड जागेवर राहील.

शील्ड पाइपाला वेढून असेल आणि बोल्टची जागाच उरली नसेल, तर स्टीलची मोठी पाइप क्लिप शील्डसकट पाइपाभोवती फिरवून आवळा. लांबी कमी पडली तर दोन क्लिपा एकमेकींत जोडता येतात. पत्रा चेपेल इतकं आवळू नका. शील्ड आणि पाइप यांच्यात अंतर हवं, शील्ड काम करतं ते त्या अंतरामुळेच. केबल टाय, फोम, रबर, एम-सील यांपैकी काहीही इथे चालत नाही. काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी तापली की थोडा धूर आणि तेलाचा वास येतो, तो जातो.

सायलेन्सर लटकतो ती रबरं याच वेळी पाहून घ्या. बोटाने ताणल्यावर भेगा उघडत असतील तर बदला. नवीन रबर चढवताना साबणाचं पाणी लावा, ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगून ढिलं पडतं.

नंबर प्लेट, डिक्की आणि बाकीचं

डिक्की बंद करताना खण् असा आवाज येत असेल तर तो नंबर प्लेटचा. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते, तिचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. म्हणून ती काढायची नाही, भोकं पाडायची नाहीत. प्लेट बोटभर पुढे ओढून मागच्या कोपऱ्यांत फोम टेपचे छोटे तुकडे सरकवा. आधी धूळ पुसा, स्पिरिटने जागा स्वच्छ करा, वाळू द्या. चांगल्या टेपची पकड पूर्ण यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुऊ नका. स्वस्त टेप मे महिन्यात डिंकासारखा वितळून खाली ओघळतो, तिथे दोन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

डिक्कीच्या झाकणाला दोन्ही बाजूंना रबरी गुट्ट्या असतात, बऱ्याच गाड्यांत त्या फिरवून वर-खाली होतात. कागदाची पट्टी गुट्टीवर ठेवून डिक्की बंद करा आणि पट्टी ओढा. सरसर निघाली तर गुट्टी अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत जा, पट्टी अडकत-अडकत निघेपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. बोनेटच्या गुट्ट्यांनाही हीच कागदाची परीक्षा.

व्हायझर, छताची पट्टी, आरशाचं कव्हर: टेप लावून खात्री करा, टेप सुकला असेल तर नवा लावा, अडकण्याची जागा तुटली असेल तर भाग बदला.

इथे थांबा

जड ठकठक, ब्रेकचा आवाज, किंवा पुढचा बंपर पूर्ण उतरवायची वेळ: ही कामं गॅरेजमध्ये. बंपरमागे पार्किंगचे सेन्सर असतात आणि बंपरच्या मागच्या भागात एअरबॅगचेही असू शकतात. गॅरेजमध्ये जाताना तुमचा कागद सोबत न्या: कोणता आवाज, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूने, आणि टेप लावून काय बाद केलं. मेकॅनिकला सोबत बसवून त्याच सांध्यांच्या रस्त्यावर फिरवा. एकही पार्ट बदलण्याआधी त्याच्या कानाने आवाज ऐकलेला असावा, एवढी अट घाला. मी तेव्हा घातली असती तर लिंक रॉडचे पैसे वाचले असते.

झाल्यावर

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, एकदा सकाळी आणि एकदा दुपारच्या उन्हात गाडी उभी राहिल्यानंतर फिरवा. सकाळी गप्प असलेली गाडी दुपारी वाजली तर कुठेतरी क्लिप सरकायला जागा नाही, ती थोडी सैल करा किंवा लांबट भोकाच्या मधोमध आणा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पाहा, आणि पहिल्या दमदार पावसानंतर लायनिंगमागे पुन्हा टॉर्च मारा. उरलेल्या क्लिपा छोट्या पिशवीत घालून समोरच्या खणात ठेवा, आणि पिशवीवर पेनाने भोकाचं माप लिहून ठेवा.